बर्फ कारखाना इलेव्हन

लष्करातला बर्फ कारखाना इंदूरला हलला
तेव्हा टीमही गेली, कंप्रेसरच्याच पावतीवर:
स्टिका अकरा, जाळी दोन,
सलामत, लेफ्ट हाफ, एक.

शर्टांवरचं ‘ग्वाल्हेर’ आईनं उसवलं.
तिथलं कापड विटलंच नव्हतं;
उन्हात नवं नाव वाचायला जावं
तर जुनंच आधी दिसे.

तीन वर्षांनी ते खेळायला आले.
धर्मशाळेत उतरले, आपल्याच गावात.

आमच्या गोलात दिघे,
तेव्हा न गेलेला एकटाच.
सलामत चेंडू घेऊन आत घुसला
आणि दिघे जुन्या सवयीनं ओरडला,
“उजवीकडे मोकळंय रे!”

होतंच.

टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, मैदानाला सुचेना.
आई तेवढी व्यवस्थापकाला गाठून सांगत होती,
अकरा शर्टांची उसवणावळ
अजून बाकी आहे.