साडेतीन बाय चार

साडेतीन पीठांतलं एक आमच्या गावात,
साडेतीन फुटांची न्हाणी आमच्या घरात.
रुंदी साडेतीन, लांबी चार.
जवाहरनगरात दोन खोल्यांच्या मागं
मालकानं उरलेल्या विटांत उरकलेली.

मी उद्यमनगरात लेथवर असतो.
सुताचा हिशेब हाताला आहे,
म्हणून राहायला आल्या आल्या आधी दार उलटं केलं.
आत उघडायचं, ते बाहेर.
तेवढ्यानं दीड फूट मोकळं झालं.
उज्ज्वला म्हणाली, बरं झालं,
आता दार लावायला बादलीत उभं राहायला नको.

मग छंदच लागला.
कोपऱ्यात तिकोनी फळ्या, कारखान्यातल्या कात्रणांच्या.
वरच्या फळीवर साबण, मधल्या फळीवर वजरी,
खाली निळीची बाटली.
पिंप मात्र हलवायचं नाही, पाणी दिवसाआड येतं.
पिंप म्हणजे घरातलं सगळ्यात जाडं माणूस,
बाकीच्यांनी अंग चोरायचं.
भिंतीत तीन खुंट्या. माझी, तिची, हर्षदची.
हर्षदची दर दिवाळीला चार बोटं वर सरकते,
जुनी भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवलेली.

कडी नव्हती.
लागलीच नाही कधी.
मी आत असलो की खोकायचो,
उज्ज्वला तांब्या वाजवायची,
हर्षद तेराचा पाढा म्हणायचा, तेरा साते अडखळायचा.

गणपती उठले आणि शालन आली.
इचलकरंजीहून, शेवटच्या एस.टी.नं.
एक पिशवी. पिशवीत टॉवेलसुद्धा नाही.
कुणी काही विचारलं नाही.
उज्ज्वलानं आणखी एक वाटी तांदूळ धुतले
आणि मला डोळ्यांनीच न्हाणी दाखवली.

मला वाटलं, खुंटी.
सकाळी ड्रिल घेऊन चौथी मारली
हर्षदच्या शेजारी.
निळीची बाटली खिडकीत गेली,
तिथं तिचा कंगवा आला.
मागं सरून बघितलं,
बसलं की सगळं. वर दोन सूत शिल्लक.

पण शालन आत गेली की
खोकायची नाही, तांब्या वाजवायची नाही.
नळ सोडायची, पुरता.
नळाला पाणी नसेल त्या दिवशी
पिंपातलं एकदाच घ्यायची बादलीभर,
तांब्या भरायची, वरनं ओतायची,
पुन्हा भरायची, पुन्हा ओतायची,
तेच पाणी.
एकदा हर्षदनं चुकून दार ओढलं
आणि परत येऊन म्हणाला,
आत्या आंघोळ करत नाही,
नुसतं पाणी हलवती.
कपडे कोरडेच आहेत तिचे.

रात्री उज्ज्वला कुशीवर वळून म्हणाली,
तुम्ही सगळं पट्टीनं बघता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
मी डबा तसाच ठेवला आणि कडी घासली.
स्टेनलेसची, बोटाएवढी जाड,
भोक दोनदा रीमरनं साफ केलं
सरकताना कुरकुरू नये म्हणून.
बाहेरून उघडता यावी अशी फट ठेवतात.
हातात कानस घेऊन विचार केला बराच वेळ,
शेवटी नाही ठेवली.

शालननं कडी बघितली.
एकदा लावली, एकदा काढली,
पुन्हा लावली,
आम्ही सगळे बाहेर उभे असताना.

सकाळी अर्धा तास झाला तरी आत.
हर्षदच्या शाळेची रिक्षा हॉर्न मारून गेली,
माझी पहिली पाळी,
मी गल्लीत गटारीवर वाकून दात घासले.
समोरचे चौगुले म्हणाले, काय पावणं आलंय?
म्हटलं, पावणं न्हवं, बहीण.
आत नळाचा आवाज नव्हता,
तांब्याचाही नव्हता.
जो होता तो ऐकू येऊ नये म्हणून
उज्ज्वलानं मिक्सर लावला, रिकामाच.

मग कडी सरकली. कुरकुरली नाही.
शालन बाहेर आली, केस ओले,
डोळे विस्तवाजवळ बसल्यासारखे,
टॉवेल आपल्या खुंटीवर टाकून आलेली.
म्हणाली, दादा,
तुझी मधली फळी डावीकडं कललीया बघ.

मी आत जाऊन बघितलं.
होती.
एक सूत.