खुडूक

पाहुणी आली ती नागलीच्या कापणीत,
नाशिकहून पेठच्या एसटीनं,
चाकाची बॅग ओढत.
आमच्या पाड्याचा रस्ता आणि चाकं!
शेवटी देवराम भोयेनं ती डोक्यावर घेतली.

नाव माइरे. देश एस्टोनिया.
अंगणवाडीच्या नकाशात मी बोटानं शोधला,
नेमकी तिथंच वाळवी लागलेली.

काम तिचं झऱ्यांचं पाणी मोजायचं.
राहायला आमची पडवी,
कुडाच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला शेळ्या.
बिबट्या फिरतो म्हणून शेळ्या आतच.
पहिल्या रात्री विचारलं, झोप लागली का?
तिनं मोबाइलात शब्द शोधून वाचला :
"आमच्या घरी रात्री फक्त फ्रिज श्वास घेतो."

मी ठरवलं होतं, आधी "पाणी" शिकवू, मग "भाकर".
ती आधी शिकली "हाड".
मग "हुश्श". मग कोंबड्यांचं "ती ती ती".
मग शेळ्या वळवताना टाळूला जीभ लावून काढतात
तो आवाज, जो मी मुलांना शिकवते
त्या बाराखडीत कुठंच नाही.
महिनाभर ती माणसांत मुकी होती
आणि जनावरांत अस्खलित.

तिच्या गावचा कोंबडा म्हणे "किकेरिकी" ओरडतो.
तिनं ओरडून दाखवलं.
आमचा कोंबडा मान वाकडी करून
बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला,
दूरचा भाऊबंद असावा, पण कुठल्या पिढीतला, तसा.

एकदा विचारलं, या बोकडाचं नाव काय?
बोकड, म्हटलं.
तिनं मान हलवली, तोनू, म्हणाली. तिच्या मामाचं नाव.
नाव ठेवलं की हात जड होतो
हे मला कोणत्या शब्दात सांगता येणार?
होळीच्या आधी तोनू बाजारात गेला.
खोटं कशाला बोलू, विकला.
व्यापारी दात बघत होता तेव्हा
आमचा माणूस बोलून गेला, "तोनू, उभा राहा की."
व्यापारी हसला. आमचा माणूस नाही हसला.
ती दोन दिवस जेवली नाही.
तिसऱ्या दिवशी उडदाची आमटी मागून घेतली.

रेंज फक्त उंबऱ्यावर.
तिथं बसून ती रविवारी आईशी बोलायची,
पाण्यात खडे टाकल्यासारखी तिची भाषा.
एकदा बोलता बोलता ती थांबली, काहीतरी हळू म्हणाली,
आणि वरून पाल चुकचुकली.
आमच्यात पाल चुकचुकली म्हणजे बोलणं खरं.
तिला मी हे सांगितलं नाही.
पण काय होतं ते वाक्य,
हे मला अजून भाकरी थापताना आठवतं.

जायच्या आधी चार दिवस
तांबडी कोंबडी खुडूक झाली.
डालगं होतं, टोपली होती, भाताचा पेंढा होता.
ती जाऊन बसली उघड्या बॅगेत,
लोकरीच्या स्वेटरवर, अकरा अंडी घेऊन.
मी उचलायला गेले तर माइरेनं हात धरला.
बोटांवर मोजलं, एकवीस दिवस.
तिकीट तर शुक्रवारचं.

तांदळाच्या गोणीत कपडे भरून गेली ती.
पेठच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला,
"बाई, मालाचं तिकीट लागेल."
तिनं काढलं.

अकरातली नऊ निघाली.
एकाच्या पायात विमानतळाच्या चिठ्ठीचा दोरा अडकला,
तो मी कात्रीनं कापला.
बॅग अजून पडवीत आहे, चेन मोडलेली.
पोरं तिला "एस्टोनिया" म्हणतात :
"एस्टोनियात बघ, अंडी घातलीत का."

परवा फोन आला.
आधी शेळ्यांची चौकशी, मग माझी.
आमच्या भाषेत म्हणाली, "येईन परत."
मी आढ्याकडे पाहिलं.
पाल बल्बजवळ होती, गप्प.

पण तिच्या तोंडात तेव्हा किडा होता.