सहा गुंजा

अमळनेरच्या सराफ्यात दुपारी तीनला
गिऱ्हाईक नसतं, तेव्हा गेलो.
पिशवीत ग्रीक वैद्याचं एक पान,
डोळ्यांत घालायच्या अंजनाचं:
तांब्याचा गंज चार द्राख्मा,
केशर दोन ओबोल,
डिंक पुरेसा.
शब्द सगळे मराठीत उतरले,
वजनंच तेवढी उतरेनात.

एका कोशात द्राख्मा चार पूर्णांक एकतीस शतांश ग्रॅम,
दुसऱ्यात सदतीस.
सोडून दिलं असतं.
पण शंभर द्राख्मांचा म्ना, साठ म्नांचा तालांत,
आणि पुढल्या पानावर वैद्याने मागितलंय
अख्खं तालांतभर मीठ;
तिथवर जाता जाता तो सहा शतांशांचा फरक
दीड पावशेर झाला.

निंबाशेठ विसपुत्यांनी ऐकून घेतलं,
चष्मा कपाळावर सरकवला.
"कोनता गावना द्राख्मा?"
अथेन्सचा, म्हणालो. शेजारच्या बेटावरचा जड होता.
"मंग बराबर शे.
धुयानं मापटं नि आपलं मापटं
कधी एक व्हतं?"

मग त्यांनी तपकिरीची जुनी डबी उघडली.
आत गुंजा. लाल, काळ्या डोळ्याच्या,
सगळ्या एकदम माझ्याकडे बघणाऱ्या.
आता त्यांनी कोणी तोलत नाही;
काचेच्या पेटीतला काटा हजारांश सांगतो,
फुंकर मारली तरी हलतो.
चिमट्याने एकेक ठेवत गेले.
सहाव्या गुंजेला आकडा थांबला:
शून्य पूर्णांक त्र्याहत्तर.
माझ्या वहीत ओबोल: बहात्तर.

इतका समुद्र मध्ये, इतके राजे,
आणि फरक एका शतांशाचा.
"तो हातना घाम," निंबाशेठ म्हणाले.

दाम हा शब्दही तिकडूनच आलाय, मी सांगितलं,
द्राख्मावरून.
त्यांनी गल्ल्याकडे पाहिलं,
उशिरा ओळख पटलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं.

बाहेर हातगाडीवर दादरची पोती चालली होती.
तालांत केवढा, तर त्या एका पोत्याच्या
चौथाईहून मुठीभर जास्त.
ते हसले. म्हणाले, तोळ्याचंच बघा ना मास्तर,
आईच्या पाटल्या चार तोळ्यांच्या,
सुनेच्याही चारच तोळ्यांच्या.
काट्यावर आईच्या सेहेचाळीस ग्रॅमच्या वर,
सुनेच्या चाळीस.
शब्द तसाच धष्टपुष्ट,
सोनं तेवढं वाळलं.

निघता निघता मी उगाच बोलून गेलो
की ओबोल मेलेल्याच्या तोंडात ठेवत,
नदी उतरवणाऱ्या नावाड्याचं भाडं म्हणून.

निंबाशेठ गप्प झाले.
खालचा खण ओढला.
कागदाच्या बारीक बारीक पुड्या,
आत सोन्याची कणी,
तुळशीच्या पानाबरोबर ठेवायची.
"आपली अर्धी गुंजबी नही.
तिकडनी नाव महाग व्हती."

नेमकी किती भरते? वही उघडीच होती माझी.

"ही मी तोलत नाही," ते मराठीत म्हणाले.
"चिमट्यात येईल तेवढी.
कोणी विचारत नाही.
येतात, मूठ पुढे करतात."
खण लावला.
"तुम्हीपण नव्हतं विचारलं, मास्तर,
वहिनींच्या वेळी."

संध्याकाळी बोरीवरून वारा आला,
मी ग्रॅम खोडले.
केशर दोन ओबोल,
आणि खाली टीप: बारा गुंजा, हाताच्या घामासकट.

पिशवी झटकली तर एक गुंज निघाली,
दुमडीत अडकून आलेली.
घरंगळत गेली ती थेट
चार आणि एकतीसच्या मध्ये,
जिथे टिंब होतं तिथे,
आणि डोळा वर करून बसली.

उचलली नाही.
उद्या परत द्यायला जाईन,
तीननंतर.