आधी पाठ

विनिपेगात, टायरच्या दुकानामागे ऑरेस्टची शाळा.
लोखंडी चौकट, फळ्या, बोटभर फोम,
वर ताणलेली ताडपत्री, आणि तिच्यावर
कुणाच्या तरी नाकाचे जुने तपकिरी थेंब.
बाहेर उणे एकतीस.
आत आमच्या तोंडांतून वाफ, मेंढरं कोंडल्यासारखी.

पहिल्या दिवशी मी विचारलं, डाव कधी?
ऑरेस्ट हाव्रिल्युक, वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे स्टीलचे,
म्हणाला, आधी पड.

हनुवटी छातीला. बेंबीकडे बघ.
बसल्या जागी पड. मग उकिडवी बसून. मग उभी राहून.
आधी पाठ, कंबर नव्हे, कोपर तर नाहीच,
हात पसरलेले, तळवे खाली,
आणि श्वास सोडून दे, धरलास तर आतून फुटशील.
फाट्.
पुन्हा.
फाट्.
हे बटाट्याचं पोतं पडलं. मारिविक कुठाय? पुन्हा.

रात्री मी वृद्धाश्रमात असते.
तिथं दर दोन दारांमागे एक पाटी: पडू देऊ नका.
मिस्टर पेनर ऑक्टोबरात पडले, बाथरूमच्या उंबऱ्यावर.
आवाजसुद्धा झाला नाही.
तेव्हापासून मी त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करते,
खाली हात सरकवून, मोजत, एक, दोन,
आणि तीनला सगळं वजन माझं.

दोर म्हणतात, पण तो दोर नव्हे:
आत तार, वर बागेतली नळी, वर काळी टेप.
तीन पावलं, वळ, पाठ टाक, वरचा धर, ये.
माझी चौथ्या पावलाची खोड जाईना.
काखेखाली जांभळं, मग हिरवं, मग पिवळं.
ड्यूटीवरच्या सिस्टरनं दार लावून विचारलं,
घरी सगळं ठीक आहे ना?
म्हटलं, घरी कुणीच नाही.
याने तिची काळजी वाढलीच.

पेनरना मात्र खरं सांगितलं.
खोटं असतं ना ते सगळं? म्हणाले.
मी बाही वर केली. त्यांनी एक थरथरतं बोट टेकवलं, दाबलं,
मी कळवळले.
हं, म्हणाले, आणि दिवसभर खुशीत होते.

सगळं डावीकडून. डावी मान, डावा हात, डावा पाय पुढे.
मी डावखुरी, शाळेत छड्या खाऊन उजवी झालेली.
का डावीकडून? विचारलं.
कारण समोरच्यालाही तेच शिकवलंय.
एवढंच उत्तर. ऑरेस्ट उत्तरं चहातल्या साखरेसारखी मोजून देतो.

सहाव्या आठवड्यात माझ्यासमोर डॅलस फ्लेट.
वीस वर्षांचा, एकशेवीस किलो, रात्रपाळीत भाजीचे खोके उतरवतो.
मानेला हात, कोपराला हात, कपाळाला कपाळ.
त्याच्या अंगाला कोथिंबिरीचा वास.
मला उचलायचंय तुला, म्हणाला, जणू माफीच मागत होता.

मांड्यांमधून एक हात, खांद्यावरून एक,
आणि छत खाली आलं.
ट्यूबलाइट, तुळईत अडकलेली एक हॉकीची काठी,
ऑरेस्टची उलटी टोपी.
पावणेदोन सेकंद माझं वजन माझं नव्हतं.
लहानपणी बाबांनी गाळातून बोटीत घेतलं होतं,
त्यानंतर हे आत्ता.
डोळे उघड, गाढवा! ऑरेस्ट ओरडला,
बाई तुझ्या हातात आहे!
कानाशी डॅलस पुटपुटला, ठीक?
ठीक, म्हटलं मी.

सगळं गॅरेज दणाणलं.
मला काहीच लागलं नाही.
डॅलस कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला,
आणि आम्ही कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

निघताना साडेनऊ. बसथांब्यापर्यंत नुसता काचेसारखा बर्फ.
बॅग खांद्यावर, पाकीट तोंडात, हातमोजा अर्धा,
आणि पाय गेले.
हनुवटी छातीला.
तळवे पसरून फाट्, शेजारचा कुत्रा भुंकला.
पडल्या पडल्या बघितलं: पुष्कळ तारे,
हाडं जागच्या जागी.

दारात ऑरेस्ट, सिगारेट पेटवत.
हात उशिरा आले, म्हणाला.
पुन्हा.