घात

रात्रीचे साडेअकरा. होटगी रोडवरच्या स्कॅन सेंटरची मागची खोली.
पंखा एका बाजूला कललेला.
काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकते :
सांग, काय करू?

इथे चित्र नसतं, बटण नसतं.
एक ओळ लिहायची, एंटर दाबायचा.
एखादी आडवी रेघ राहिली तर रागावत नाही,
एवढंच म्हणतो, असली आज्ञा मला ठाऊक नाही.
आमच्या घरात इतक्या शांतपणे कुणी कधी बोललं नाही.

आज सतरा नंबर.
नाव पुसलेलं. पुरुष, त्रेसष्ट.
व्यवसायाच्या रकान्यात : यंत्रमाग, एकेचाळीस वर्षं.
मेंदूच्या एकशे शहात्तर चकत्या,
उजवीकडे उजळ, डावीकडे मळकट,
एकाच खिडकीच्या खोलीत दुपारी असते तशी भिंत.
त्याचा दोष नाही. कॉईल ज्या बाजूला जवळ
तिथलं तिला जास्त ऐकू येतं.

म्हणून आधी मुखवटा. कवटी, हवा, डोळे बाहेर,
आतलं तेवढं धरायचं.
मग बहुपदी बसवायची :
एक स्थिर पद, मग क्ष, य, झ,
मग त्यांचे वर्ग, एकमेकांशी गुणाकार, सगळी भावकी.
घात दोनला दहा सहगुणक,
तीनला वीस, चारला पस्तीस.

बहुपदीला बारकावे कळत नाहीत, हेच तिचं बरं.
पलंगावर टाकलेल्या चादरीसारखी पडते.
गादी कुठे खचलीय ते सांगते,
उशीखाली काय ठेवलंय ते नाही.
मग ती चादर ओढून घ्यायची
आणि उरतं ते बघायचं.

घात दोन. एंटर.
बाहेर रिक्षावाला फोनवर तेलुगूत कुणाशी तरी भांडतोय,
मधेच मराठीत, आकडा आला की.
चाळीस सेकंद.

उतार गेला. भिंत एकसारखी.
उरलं डाव्या कानाच्या वर काहीतरी,
डाग म्हणावा तर कडा नाही,
ओल धरावी तसं, अर्ध्या तळव्याएवढं.

बोल्ली मॅडम फोनवर म्हणाल्या,
"अगं, कॉईलचाच कचरा तो. घात वाढव, जाईल."
चार : फिकट.
सहा : आहे असं वाटतं, मग वाटत नाही.
आठ, एकशे पासष्ट सहगुणक : स्वच्छ.
चूक जवळजवळ शून्य.
कुणालाही दाखवावा असा मेंदू.

तेव्हा तो शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला.
शाळेत येमूल सर अक्षराच्या खांद्यावर
छोटा आकडा बसवायचे, म्हणायचे, हा घात.
आम्ही लिहून घेतलं.

नानांना शेवटी शेवटी ओठांवरून कळायचं.
मागावरून घरी आले तरी खटखट त्यांच्यासोबत यायची,
जेवताना, झोपताना.
"काय?" म्हणायचे. पुन्हा "काय?"
आम्ही प्रत्येक "काय"ला एक पद जोडलं :
वय. तंबाखू. मार्चातच बेचाळीसवर गेलेला पारा.
हट्ट. मुद्दाम करणं. आईवरचा जुना राग.
सगळं बसलं. अगदी अचूक बसलं.
उरलंच नाही काही,
तपासायला न्यावं असं.

वरचा बाण दाबला की मागच्या आज्ञा परत येतात,
एकेक, लिहिल्या तशा.
आठ. सहा. चार.
दोनवर थांबले.

साठवलं. खाली टिपेत लिहिलं :
डावीकडे उरतंय. मॉडेलने जाईल, जाऊ देऊ नये.
कदाचित कचराच असेल. मॅडम वीस वर्षं हे बघतायत.
तरी माणसाला पुन्हा बोलवा.

सतरा म्हणजे कोण ते काउंटरवरच्या लावण्याच्या वहीत आहे.
सकाळी दहाला ती फोन लावेल.
तिला चिठ्ठी चिकटवून ठेवलीय माऊसवर :
मोठ्याने बोल.
पहिल्यांदा "काय?" म्हणाले
तर फोन ठेवू नको.