उन्हाचा रकाना

बेटावदला दोनशे बारा घरं फिरलो.
ज्यांच्या गच्चीवर बिबडे
त्यांच्याकडे मुतखडा जास्त.
आकडे असे जुळले
की दोन शब्दांच्या मध्ये मी बाण काढला,
खाली दोनदा रेघ.

झेलाबाई खाटेवर बिबडे उलटत होती.
वाचून दाखवलं, तर हसली:
"बिबडास्ना काय गुन्हा, भाऊ?
ऊन त्यास्लेबी वाळाडस,
मानूसलेबी."

तिच्या नवऱ्याला औंदा दुसऱ्यांदा खडा.
तो बिबडं तोंडात धरत नाही,
दात नाहीत.

बाण खोडला.
शब्द तिथंच राहिले, शेजारी,
एकमेकांना न ओळखता.

उन्हासाठी छापील अर्जात
रकानाच नव्हता.
समासात लिहायला घेतलं,
तर घामानं शाई फुटली.