पान अकरा

गंगापूरच्या शाळेतल्या पगार बाई
पिशवीतून पुस्तकं काढतात एकेक,
खाली ठेवताना दोन्ही हातांनी ठेवतात.
एकोणतीस. सगळी मोडकी.
"ह्यातलं धबधब्याचं आधी करा," म्हणतात,
"ह्याच्यावरून मारामाऱ्या होतात."

रविवार कारंज्याच्या मागे माझं दुकान.
दोन गिऱ्हाइकं आत आली
की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं.
स्टोव्हवर खळ शिजतेय,
तिच्यात चिमूटभर मोरचूद,
नाहीतर झुरळं आमच्याआधी वाचून मोकळी होतात.

पुस्तक चौकोनी, मोठ्या अक्षरांचं.
पुठ्ठा सुटलेला. शिवण ढिली.
पान चारवर आमटी.
पान सातवर, धबधब्याच्या खाली,
कुणीतरी बॉलपेनने म्हैस काढलीय.
चांगली काढलीय. डोळे मिटलेत तिचे.
पान नऊवर छापलंय:
धबधबा इतक्या उंचावरून पडतो,
पण त्याला लागत नाही.
त्याखाली पेन्सिलीने, बारीक:
कशावरून?

आणि पान अकरा.
डोंगर आहे, झाडी आहे, छत्रीवाला मुलगा आहे,
मधोमध मात्र वरून खालपर्यंत
बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा.
फाटलेला नाही. खरवडलेला नाही.
झिजलाय.
शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर नावं:
कार्तिकी बेंडकुळे, मोहनीश गायखे,
परत कार्तिकी, परत कार्तिकी,
दर्शील गुंबाडे, मग परत कार्तिकी.
नऊ वर्षांची बोटं
कड्यावर टेकली असणार
आणि आली असणार खाली, घसरत.

मीही टेकवलं. दार लोटून घेतलं आधी.
खाली पोचताना तोंडातून आपोआप
"धपाक" निघालं.
रईसा दोरा ओवत होती, ती म्हणाली,
"काका, बरं आहे ना?"

गुरुवारी दुकान बंद असतं.
गाडीला किक मारली, सोमेश्वरला गेलो.
म्हटलं, खरा कसा दिसतो बघून यावं,
मग रंग भरू, नाहीतर एखादा फोटो चिकटवू.
एप्रिल. पाणी नाही.
काळा खडक नुसता, उन्हात तापलेला,
खळग्यांत हिरवं डबकं, एक चप्पल, डाव्या पायाची.
कणसं भाजणाऱ्या सुकलालला विचारलं.
"बंद आहे," तो म्हणाला,
दुकान बंद आहे म्हणावं तसं.
"धरणातून आवर्तन सुटलं की येईल."

जिथून पाणी पडतं तिथवर उतरलो.
खडकात एक लांब खाच,
आतून गुळगुळीत, पाट्यासारखी.
बाकी सगळा दगड खरबरीत, चटका देणारा.
मी किती वेळ बसलो होतो माहीत नाही.
कणीस गार झालं.

शुक्रवारी पान अकरा घेतलं.
मागून पातळ कागदाचा अस्तर लावला,
पट्टा दुबळा झाला होता तेवढ्यापुरता.
पुढून काही नाही. रंग नाही, फोटो नाही.
कशावरून तसंच ठेवलं.
खोडरबर हातात घेतला होता, खोटं कशाला बोलू.
म्हशीला हात लावला नाही.
शिवण मात्र घातली दुहेरी,
आणि पुठ्ठा असा
की मारामारीतही टिकेल.

बाई आल्या. पानं उलटत उलटत अकरावर थांबल्या.
"ह्यातला धबधबा?"
"बंद आहे," म्हटलं. "आवर्तन सुटलं की येईल."
त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या,
मग पावती मागितली.
एकोणतीस पुस्तकं, पैसे अठ्ठावीसचे.
हिशोब त्यांनी दोनदा केला, बोलल्या काही नाहीत.

एक सांगायचं राहिलं त्यांना.
अस्तर लावून झाल्यावर, खळीच्याच बोटाने,
मी परत एकदा उतरलो होतो.
पट्ट्याच्या तळाशी, सगळे थांबतात तिथे,
एक ठसा बसलाय,
मोरचुदाचा, थोडासा निळा.